लग्नाला आलेली बाई

चांगुनाबाय कुठेही बसली की आधी डावी बाजू भिंतीकडे करायची. कार्यालयात, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, कुठेही. भिंत नसली तर खांब शोधायची, खांबही नसला तर उभी राहायची. डाव्या कानाने तिला ऐकू येत नव्हतं. चालू कान माणसांकडे आणि बंद कान भिंतीकडे, इतकी ती सरळ गोष्ट होती. तिच्यावर सिनेमा करणाऱ्या भावनाने पहिल्याच दिवशी विचारलं, की यामागे काही दहशत आहे का, मागून कुणी येईल अशी. चांगुनाबाय म्हणाली, "मागून कोन येनार? मागं भिंत हाय." भावनाने वहीत लिहिलेलं खोडलं.

चांगुनाबाय गेल्या श्रावणात गेली. सिनेमा अजून यायचाय. तो आला की लोक त्यातली बाई खरी धरतील, म्हणून त्याआधी मला ठाऊक असलेली बाई लिहून ठेवते. मला लिहायची सवय नाही. कार्यालयातल्या पाट्या तेवढ्या लिहिते. "अक्षता जपून टाका, पंखे चालू आहेत" ही माझी.

बदलापूर गावात आमचं मंगल कार्यालय आहे. वडील साताऱ्याकडचे, त्यांनी ते चालवायला घेतलं. त्यांचे गुडघे गेले आणि पंचविसाव्या वर्षी किल्ल्या माझ्याकडे आल्या. तेव्हापासून इतकी लग्नं पाहिली आहेत, की मला नवरानवरी सर्वांत शेवटी दिसतात. आधी दिसतो तो पाण्याचा टँकर, मग सिलिंडर, मग रुसलेला मामा.

इथल्या आगरी घरांत भटजी असला तरी लग्नाला सुरुवात करते ती धवलारीण. मांडव पडल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला हवा. धवला म्हणजे गाणं, पण ते कुठे छापलेलं नसतं, तोंडातून तोंडात जातं. नवरानवरीची, आईबापांची, मामाची नावं तिथल्या तिथे त्यात बसवायची असतात. चांगुनाबाय एका कानाने ऐकायची आणि एकही नाव चुकायची नाही. आवाज गोड नव्हता, रुंद होता. कुणी माईक पुढे केला तर बाजूला सारून म्हणायची, "याला कशाला मदी घालतंस? मी हाय ना."

धवलारणीला बोलावण्याची रीत अशी. लग्नघरचे लोक तिच्या दारात नारळ आणि विडा घेऊन जातात. तिने विडा पदरात घेतला की ती त्या घरची झाली. त्या लग्नाची हळद उतरेपर्यंत तिला कुणी माघारी नेत नाही, तिचा नवराही नाही. नेलीच, तर त्या लग्नाचं अशुभ नेणाऱ्याच्या घरी जातं असं मानतात. खरंखोटं मी तपासलेलं नाही. तिचा नवरा जोमा ते मानत होता, एवढं आम्हाला पुरलं.

जोमा नदीपलीकडच्या गावातला, वीटभट्टीवर मुकादम. दिसायला नीटस, बोलायला मऊ. गावात कुणाचंही कार्य असलं तरी खुर्च्या मांडायला पहिला. घरी मारायचा. त्याला कारण लागत नसे, लागलंच तर गाण्यात सापडायचं. अमक्याच्या दारात इतका वेळ का गायलीस, तमक्याच्या मामाचं नाव दोनदा का घेतलंस. असंच एकदा त्याने बसायचा पाट तिच्या डाव्या कानावर मारला. हे तिने मला कोथिंबीर निवडता निवडता सांगितलं. आणि वर म्हणाली, "पाट फनसाचा होता. त्याला काय झाला नाय."

माहेरी ती दोनदा गेली. भावाने दोन्ही वेळा चहा पाजून परत आणून सोडली. आणि बदलापूर काय किंवा आसपासची गावं काय, नवऱ्याच्या घरून पळून आलेल्या बाईला हळदीला कुणी बोलावत नाही. पळाली तर गाणं जाणार, राहिली तर उरलेला कान जाणार. तिला दोन्ही हवं होतं. असा हट्ट धरणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

तर एका माघात बदलापूर गावातल्या एका घरचा विडा आला. तो तिने जोमासमोर पदरात घेतला. लग्नाच्या ठिकाणी जोमाने स्वतः तिला सायकलवरून आणून सोडलं. वाटेत चेन पडली. ती उतरली, त्याने चेन बसवली, ती परत कॅरिअरवर बसली. ही चेन तिच्या बोलण्यात नेहमी यायची. "पलायचा असता तर चेन परली तवाच पलाले असते," ती म्हणायची. "मी पलाले नाय. मी लग्नाला आयले."

त्या मांडवात दुसऱ्या घरची माणसं आली होती. त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात लग्न होतं. तिने त्यांना सांगितलं, तुमचा विडा आत्ताच द्या. हातात एक विडा असताना दुसरा घ्यायला रीतीत मनाई नाही. पहिल्या घरची हळद उतरली तेव्हा दुसऱ्या घरचा विडा पदरात होता. दुसऱ्या मांडवात तिसरा मिळाला. जोमा न्यायला आला की घरची वडीलधारी माणसं सांगत, विड्यावर आहे, नेता येणार नाही, बस जेवून घे. त्या लग्नसराईत तो पाच ठिकाणी आला आणि पाचही ठिकाणी पंगतीला बसून माघारी गेला. माघ ते ज्येष्ठ, ती या मांडवातून त्या मांडवात राहिली. गावात कुणी विचारलं तर जोमा सांगायचा, "बायको लग्नाला गेलेय." खोटं नव्हतंच ते.

पण मुहूर्त संपतात. ज्येष्ठातलं शेवटचं लग्न आमच्याकडे होतं. वरात गेली, हळद उतरली, मंडपवाल्याने कापड सोडायला घेतलं. मी भांडी मोजून घेत होते. ही भिंतीला डावी बाजू लावून बसलेली, शेजारी कापडी पिशवी.

"बाई, तुम्हाला न्यायला कोण येणार आहे?" मी विचारलं.

"येल तो."

"कधी?"

"विडा संपला ना. आता कवाही येल."

तिने हे, आज भाजी काय आहे ते सांगावं तसं सांगितलं. मी अर्ध्या सराईपासून तिच्याबद्दल ऐकून होते. कार्यालयात सगळ्यांच्या घरचं सगळं कळतं, फक्त उपयोगाचं नसतं. समोर विड्याचं तबक उरलेलं होतं. मी त्यातलं पान आणि सुपारी उचलली.

"माझ्या लग्नाचा विडा चालेल?"

"तुझा लगीन ठरलाय?"

"नाही."

"मंग?"

"ठरेल की कधीतरी. त्याआधी दिलेला चालतो का, ते सांगा."

तिने माझ्या हातातलं पान निरखून पाहिलं. तिला रीत मोडायची नव्हती, हे मला नंतर समजलं. "तुमच्यात धवला नसतो," ती म्हणाली.

"माझ्यात असेल."

ती उठली, नळावर जाऊन हात धुतले, आणि पदर पसरला. मी विडा टाकला. मग म्हटलं, मागच्या बाजूला भांड्यांची खोली आहे, तिथे झोपा, पावसाळ्यात उंदीर होतात, मला कुणीतरी हवंच आहे. ते खरं होतं. उंदीर होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी जोमा आला. बरोबर त्याचे चुलते नामाबाबा. रीतीभातीत त्या भागात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. मी फाटकाला कुलूप लावून आतून बोलत होते. चांगुनाबाय माझ्या मागे, भिंतीला टेकून.

"बाय, बायकोला न्यायला आयलू," जोमा अगदी मऊपणे म्हणाला. "सीझन संपला."

"विड्यावर आहेत त्या."

"आता कोनाचा लगीन?"

"माझं."

त्याने मला खालून वर पाहिलं. "कवा हाय?"

"ठरलं की कळवते."

"नवरा कोन?"

"तेही ठरलं की कळवते."

जोमा चुलत्याकडे वळला. "बाबा, असा विडा असतो का? नवरा नाय, तारीख नाय."

नामाबाबांनी चांगुनाबायला विचारलं, "पदरात घेतलास?" ती म्हणाली, घेतला. त्यांनी मला विचारलं, "तू सोता दिलास?" मी म्हटलं, दिला. म्हातारा कठड्यावर बसला. त्याने एक विडी ओढून संपवली, आणि मग निकाल दिला.

"दिला आन् घेतला म्हनजे विडा झाला. नवऱ्याचा नाव विड्यात नसतो, धवल्यात असतो. हिचा लगीन लागल, मंग ने."

आमच्या सगळ्या पुढच्या आयुष्याचा निकाल तो. जोमा परत गेला. त्या दिवशी जेवायला काही नव्हतं.

त्यानंतर मुहूर्त संपले की दर वर्षी तो यायचा. फाटकाबाहेर उभा राहून विचारायचा, "ठरला का, बाय?" मी म्हणायचे, "नाही अजून." दोन वर्षं हे असं चाललं. तिसऱ्या वर्षी तो एकटा आला नाही, स्थळ घेऊन आला. कुळगावचा एक दुकानदार, केस काळे केलेला. माझं लग्न लागल्याशिवाय त्याची बायको सुटणार नव्हती, तेव्हा त्याने ते काम स्वतःच अंगावर घेतलं. भट्टीवरची त्याची मेहनत बघितली नाही, पण यात त्याने कसूर केली नाही. कल्याणचा कारकून आणला, वांगणीचा शेतकरी आणला, उल्हासनगरला जीन्सचं शिवणकाम घेणारा एक विधुर आणला. विधुराला मी म्हटलं, मला स्वयंपाक येत नाही. जोमाच मध्ये पडला, "येतो येतो, ती लाजतंय."

आम्ही त्याला भीत होतो आणि हसतही होतो. तो दिसला की चांगुनाबायचा हात आपोआप उजव्या कानावर जायचा. तो गेला की ती विचारायची, "यो कनचा होता? टकल्या?" दोन्ही एकाच दिवशी व्हायचं. भावनाने हा सगळा भाग सिनेमातून काढला. तिचं म्हणणं, प्रेक्षक जोमाला हसले तर त्याची भीती जाईल. मी म्हटलं, आमची गेली नव्हती.

एक स्थळ बरं होतं. अंबरनाथ पूर्वेला राहणारा, एका कारखान्यात फोरमन. त्याने मला काही विचारलं नाही. वर पाहून म्हणाला, "हा पंखा आवाज करतोय." मी म्हटलं, करतो. त्याने शिडी आणि पाना मागितला, वर चढला, काहीतरी आवळलं, खाली उतरून हात धुतले आणि चहा घेतला. जाताना म्हणाला, "आता नाही करणार." त्या पंख्याने पुढे अकरा वर्षं आवाज केला नाही.

संध्याकाळी चांगुनाबाय लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "शैले, यो बरा हाय. कर."

"आणि तुमचं काय?"

"माझा मी बघन."

"काय बघणार?"

तिने सोललेल्या पाकळ्यांतल्या दोन परत सोलायला घेतल्या.

मी जोमाला निरोप दिला, पत्रिका जुळत नाही. तो म्हणाला, "तुमी पत्रिका बगितलीच नाय." मी म्हटलं, "म्हणूनच जुळत नाही."

इथे गैरसमज नको. मी त्याग वगैरे केलेला नाही. फोरमनच्या आईची अट होती की मी कार्यालय सोडायचं, आणि ते मी सोडलं नसतं. चांगुनाबाय भांड्यांच्या खोलीत होती हेही खरं. भावनाला मी दोन्ही कारणं सांगितली. तिने एकच घेतलं.

तर अशी ती आमच्याकडे राहिली. पण राहिली हा शब्द तिला चालायचा नाही. तिची पिशवी कायम भरलेली, खोलीच्या दाराशी खिळ्याला अडकवलेली. आंघोळ झाली की लुगडं वाळवून, घडी घालून परत पिशवीत. फळीवर जागा करून देते म्हटलं तर म्हणायची, "लग्नाला आयलेली बाई फलीवर सामान लावतंय का?" सराईत ती गावोगाव धवले गाऊन यायची, तिला बोलावणी कमी नव्हती. ती पळालेली नव्हतीच ना. एका चांगल्या घरच्या मुलीच्या लग्नाच्या विड्यावर होती, लग्न लांबलं होतं एवढंच. मतदार यादीवाला एकदा आला होता. त्याने विचारलं, "आजी, किती वर्षांपासून राहता इथे?"

"र्‍हात नाय. लग्नाला आयलेय."

"कुणाच्या?"

तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते आणि डोक्याला फडकं बांधून टाकीतला गाळ काढत होते. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या घरी गेला.

कामात ती कडक. आचाऱ्याने तेल परत परत वापरलं की वासावरून ओळखायची. रडणाऱ्या नवऱ्यामुलींना जवळ वगैरे घ्यायची नाही. एकच प्रश्न विचारायची, "हात उचलतो का?" मुलगी नाही म्हणाली तर, "मंग रडून घे, पन टिकली सांभाल." एकदा एक मुलगी काही बोलली नाही. चांगुनाबायने धवला थांबवला आणि मुलीच्या बापाला भांड्यांच्या खोलीत बोलावून घेतलं. ते लग्न झालं नाही. त्या मुलीचं लग्न तीन वर्षांनी दुसऱ्याशी, आमच्याकडेच झालं, आणि तिने स्वतः विडा आणून दिला.

जोमा काविळीने गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. शेवटच्या आषाढातही येऊन गेला होता, काठी टेकत. "ठरला का, बाय?" मी पंचेचाळिशीच्या जवळ आले होते. त्यालाही आशा नव्हती, सवय होती. तो गेल्याचा निरोप आला तेव्हा चांगुनाबाय तांदूळ निवडत होती. तिने ताटातले निवडून संपवले, बाराव्याला गेली, तेराव्याला परत आली. गळ्यात काही नव्हतं. धवल्याला त्याने अडत नाही, धवलारीण विधवा असली तरी चालते.

मी तिला म्हटलं, "आता कुणी न्यायला येणार नाही. विडा परत दिलात तरी चालेल."

"विडा परत द्यायचा नसतो. लगीन लावायचा असतो."

"माझं काय लागणार आता?"

"ते तू बग. मी हाय विड्यावर."

आणि पिशवी खिळ्यालाच राहिली.

भावना उल्हासनगरच्या कॅम्प एकमधली, सिंधी. वडिलांचं साड्यांचं दुकान. तिची दादी सिंधी लग्नातली जुनी गाणी गायची, ती गेली आणि गाणी कुणी टिपून ठेवली नाहीत, याचा हिला राग होता. मैत्रिणीच्या हळदीला ती आमच्याकडे आली, चांगुनाबायला ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी फोन घेऊन हजर. आधी फक्त गाणी घ्यायची होती. मग गाण्यांमागची बाई कळली आणि त्याचा सिनेमा झाला. मुलगी मेहनती. मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलते. चांगुनाबायला तिने बाय म्हटलं, मला आंटी.

भांडण झालं ते निघून येण्याच्या प्रसंगावरून. भावनाच्या कागदावर होतं: रात्र, पाऊस, नदीकाठ, अनवाणी धावणारी बाई, मागे कंदील.

"कंदील कोनाचा?" चांगुनाबायने विचारलं.

"जोमाचा. वो पीछे आ रहा है ना."

"तो मागं नव्हता. फुरं होता. सायकल तोच चालवत होता."

भावनाने मला विचारलं, खरं का. मी म्हटलं, खरं. दुपार होती, ऊन होतं, चेन पडली होती.

"पण बाय, असं दाखवलं तर ऑडियन्सला समजणारच नाही की तुम्ही निघून चाललाय. नवरा सायकलवर सोडतोय, तुम्ही मागे बसलाय. कसं कळणार?"

"त्याला तरी कुठं समाजला?"

भावनाने तरी आग्रह सोडला नाही. तिचं म्हणणं, पळून जाण्यात लाज नाही, उलट हिंमत आहे, आजकाल लोक टाळ्या वाजवतात. चांगुनाबायने तिचं सगळं उजव्या कानाने ऐकून घेतलं.

"बेबी," ती म्हणाली, "तुझ्या शिनेमात मी एकदा पलाले ना, का सगल्या गावांत पलाले. मंग मी ज्यांच्या ज्यांच्या हलदी लावल्या, ते म्हनतील, पलालेल्या बाईनं लावल्या. सत्तावीस वर्सं मी कोनाला बोलायला जागा ठेवली नाय. तू कॅमेरा लावून ठेवतंस?"

दोन दिवस काम बंद होतं. तिसऱ्या दिवशी भावना एक जुनी सायकल टेम्पोतून घेऊन आली. गावाबाहेरच्या रस्त्यावर भर उन्हात तो प्रसंग झाला. चांगुनाबायचं काम करणारी मुलगी डोंबिवलीची, नाटकात काम करणारी. ती कॅरिअरवर बसताना दुःखी दिसत होती. चांगुनाबाय खुर्चीवरून ओरडली, "तोंड सरल कर. तू लग्नाला चाललेय." मुलीने तोंड सरळ केलं. चेन पडली, बसवली, सायकल गेली. भावना छोट्या पडद्यावर ते परत पाहून म्हणाली, "आंटी, ये तो ज्यादा डरावना है." मी म्हटलं, सायकल कुणाची आहे, परत केव्हा द्यायचीय. चांगुनाबायचा शेरा एवढाच होता, की सायकल बरी आहे, आमची इतकी बरी नव्हती.

राहिलं होतं एक पूर्ण लग्न, सगळ्या धवल्यांसकट. खऱ्या लग्नांत डीजे असतो, त्यामुळे आवाज नीट मिळेना. आषाढ लागला, मुहूर्त संपले. भावना डोकं धरून बसली. चांगुनाबाय म्हणाली, "एक लगीन बाकी हाय ना माझा."

मी नको म्हटलं. मी बावन्न वर्षांची आहे, मला हे शोभत नाही, आणि हळदीचे डाग जात नाहीत. तिने तीनही कारणं ऐकून घेतली आणि हळद भिजवायला गेली. तिला तेव्हा चालताना धाप लागत होती. दवाखान्यातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि मी तिला सांगितलं नव्हतं. पण चांगुनाबायपासून बाजूला घेऊन बोलण्याचा उपयोग नसायचा. तिचा कान कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी तिला सगळं कळायचं.

रिकाम्या हॉलमध्ये पाट मांडला. मी बसताना ती म्हणाली, "थांब. फनसाचा हाय का?"

"सागाचा."

"मंग बस."

तिने दात घासायच्या मशेरीच्या जुन्या डबीतून सुपारी काढून पुढे ठेवली. मी दिलेलीच. पान कधीच गेलं असणार, सुपारी तशीच होती, कीडही लागलेली नव्हती. मग ती डावी बाजू भिंतीकडे करून बसली आणि गायला लागली. धाप होती, तरी आवाज रुंदच होता. देव बोलावले. माझ्या वडिलांचं नाव आलं, आईचं आलं, साताऱ्याच्या मामाचं आलं. मामाचं नाव मी तिला फार तर एकदा सांगितलं असेन. जिथे नवऱ्याचं नाव यायला हवं, तिथे ती थांबली. एक श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली. दर वेळी ते नाव यायचं तिथे तेवढाच एक श्वास. आवाज टिपणाऱ्या बाईला वाटलं काहीतरी बिघडलं, ती कानावरचं यंत्र चाचपत होती. भावनाने नंतर मला विचारलं, ती जागा कापू का. मी म्हटलं, राहू दे.

शेवटी तिने तांब्याने माझ्या हातांवर पाणी घातलं, हळद उतरवली. अडकित्त्यात सुपारी धरली. तिसऱ्या दाबाला फुटली. अर्धी तिने तोंडात टाकली, अर्धी मला दिली. चव कसलीच नव्हती.

"झाला," ती म्हणाली. "विडा पुरा झाला."

भावना कॅमेऱ्यामागून पुढे आली. तिचे डोळे लाल होते, पण काम ती सोडत नाही. "बाय, अब? आता विडा नाही. आता कुठे जाणार?"

चांगुनाबाय भिंतीला हात लावून उठली. भावनाकडे तिने असं पाहिलं, की एवढं साधं कसं कळत नाही. "लगीन लागल्यावर धवलारीन कुठं जातंय? घरी."

आणि ती हॉल ओलांडून, स्वयंपाकघरातून, मागच्या भांड्यांच्या खोलीत गेली. कॅमेरा चालू होता. भावना मला म्हणाली, "आंटी, घरी मतलब?" मी म्हटलं, तू दिवे बंद कर, बिल माझ्याकडे येतं.

संध्याकाळी चहा घेऊन गेले तर ती झोपली होती. दारातल्या खिळ्यावर पिशवी रिकामी लोंबत होती. लुगडी, फणी, मशेरीची डबी, सगळं तिने फळीवर नीट लावलं होतं. तिथल्या मोठ्या पराती काढून खाली जमिनीवर ठेवल्या होत्या. मी चहा झाकून ठेवला आणि आवाज न करता पराती एकेक करून दुसऱ्या खोलीत नेल्या.